मोफत प्रशिक्षण असूनही निम्म्या बायका का गळतात?

तुम्ही विचारलंय की संस्थेने कमी उत्पन्नाच्या घरांतल्या बायकांसाठी मोफत नोकरी-प्रशिक्षण सुरू केलं, तीस जणींनी नावं दिली आणि महिन्याभरात चौदाच उरल्या. फुकट मिळतंय तरी येत नाहीत, म्हणजे त्यांना गरजच नाही का?

गरज आहे हो. नसती तर नाव द्यायलाच आल्या नसत्या. मी अशाच एका केंद्रात नऊ वर्षं काम केलंय आणि त्यातली पहिली दोन वर्षं मीही तुमच्यासारखंच म्हणत होते. तिसऱ्या वर्षी गळालेल्यांची यादी घेतली आणि एकेकीच्या घरी जायला लागले.

त्यातली एक अजून डोळ्यांसमोर आहे. आमचा नियम होता, चार खाडे झाले की नाव कमी. तिचे चार झाले होते आणि मीच माझ्या हाताने तिच्या नावावर रेघ मारली होती. तिच्या घरी बसून हजेरीपट पुन्हा पाहिला तर चारही खाडे मंगळवारचे. मंगळवारी तिच्या धाकट्या जावेची सकाळची पाळी असायची, त्यामुळे दीड वर्षाच्या मुलीला धरायला घरात कोणी नसायचं. तिने वही आणून दाखवली. चारही मंगळवारचे धडे तिने मैत्रिणीकडून उतरवून घेतले होते, तारखा घालून. वर्गात इतकी नेटकी वही दुसरी कुणाचीच नव्हती, आणि आम्ही तिच्यापुढे शेरा लिहिला होता ‘रस नाही’.

मोफत म्हणजे फक्त फी नाही. येण्याजाण्याचं भाडं आहे, बुडालेली रोजी आहे, मूल कुणाकडे ठेवायचं हा रोजचा घोर आहे. हातावर पोट असलेल्या घरात तीन महिने शिकायचं म्हणजे तीन महिन्यांची कमाई सोडायची, तीही पुढे मिळेल न मिळेल अशा नोकरीच्या भरवशावर. घरात कुणी आजारी पडलं किंवा भाडं थकलं की सगळ्यात आधी सुटतो तो वर्ग, कारण तो सोडल्याने त्या दिवशी तरी कुणी उपाशी राहत नाही. हा आळस नाही, चोख हिशेब आहे.

ज्यांनी हे ओळखून योजना आखल्या त्यांचं काम बघा. आपल्याकडे महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला आणि २००५ साली देशभरासाठी ग्रामीण रोजगार हमीचा कायदा आला. त्या २००५च्या कायद्याच्या परिशिष्टात तरतूद होती की कामावर आलेल्या बायकांसोबत सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील, तर त्यांतल्याच एकीला मुलं सांभाळायला नेमायचं आणि तिलाही मजुरी द्यायची. काम पाच किलोमीटरच्या बाहेर असेल तर दहा टक्के जादा मजुरी. प्रत्यक्षात किती ठिकाणी पाळणा टांगला गेला हा वेगळा वाद, पण मूल आणि अंतर या दोन्ही अडचणी कायदा करणाऱ्यांना दिसल्या होत्या. आपल्या प्रशिक्षण केंद्रांना त्या का दिसत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

केनियातल्या नैरोबीच्या कोरोगोचो झोपडपट्टीत काही आयांना पाळणाघराचा खर्च देऊन पाहिला. बाकी प्रशिक्षण वगैरे काही नाही. तेवढ्यानेच कामावर असणाऱ्या आयांचं प्रमाण वाढलं. एकटीने मूल वाढवणाऱ्या आया कमी तास काम करूनही कमाई टिकवू शकल्या, कारण ठरावीक वेळेची कामं त्यांना धरता आली.

नोकरी-प्रशिक्षणाचं उदाहरण हवं असेल तर अमेरिकेतल्या सॅन अँटोनिओ शहरातलं ‘प्रोजेक्ट क्वेस्ट’. १९९० साली तिथला कपड्यांचा एक मोठा कारखाना बंद पडला, माणसं रस्त्यावर आली, आणि वस्त्यांमधल्या लोकांनीच संघटित होऊन मागणी लावून धरल्यावर १९९२मध्ये हा कार्यक्रम उभा राहिला. ते फी भरतातच, शिवाय प्रवास आणि मुलांच्या सांभाळासाठी मदत करतात आणि दर आठवड्याला समुपदेशकाबरोबर बैठक असते. प्रशिक्षण कशाचं, तर ज्या कामांना खरोखर माणसं हवी आहेत त्यांचं, मुख्यतः आरोग्यसेवेतल्या. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडून नऊ वर्षं मागोवा घेतला, तेव्हा शिकलेल्यांची कमाई दुसऱ्या गटापेक्षा पुढे गेलेली दिसली आणि ती टिकली. मात्र शिकत असतानाच्या काळात त्यांची कमाई मागे पडली होती. तुमच्या सोळा जणी नेमक्या त्याच काळात गळाल्या.

अगदी तळाच्या घरांसाठी बांगलादेशात ब्रॅक या संस्थेने २००२ साली वेगळी वाट धरली. आधी काही काळ पोटापुरता आधार, एखादं जनावर किंवा धंद्याचं साधन, ते सांभाळायचं शिक्षण, बचत, आणि घरी येऊन विचारपूस करणारं माणूस, हे सगळं एकत्र. हीच पद्धत सहा देशांत दहा हजारांवर लोकांवर तपासून पाहणाऱ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१५मध्ये आले. मदत थांबून वर्ष झालं तरी घरं आधीपेक्षा सावरलेली होती. होंडुरासमध्ये मात्र परिणाम कमी दिसला. तिथे बऱ्याच जणींनी कोंबड्या निवडल्या होत्या आणि त्या रोगाने मेल्या. साधन कोणतं द्यायचं हे गावाला विचारून आणि त्याच्या रोगराईचा विचार करूनच ठरवावं लागतं.

आणखी एक खाचखळगा आहे. पुष्कळ मदत योजनांना उत्पन्नाची मर्यादा असते. नोकरी लागून पगार त्या रेषेच्या किंचित वर गेला की मदत एका फटक्यात बंद, आणि घर आधीपेक्षा खाली. नोकरी नाकारणारी बाई कित्येकदा याच भीतीने नाकारते. नोकरी लावून देण्याआधी तिच्याबरोबर कागद घेऊन बसा आणि हा हिशेब मांडा. मदत हळूहळू कमी होत जाईल अशी रचना शक्य आहे. अमेरिकेत १९७५पासून कमावत्या गरीब कुटुंबांसाठी असलेली करसवलत कमाईबरोबर आधी वाढते आणि मग उतारावर गेल्यासारखी कमी होते.

आता तुमचं. पैसे थोडेच असतील हे समजून सांगते. पुढची बॅच तीसऐवजी वीस जणींची घ्या आणि वाचलेल्या पैशातून प्रवासभाडं द्या. शेजारची एक खोली आणि मुलं सांभाळायला पगारी बाई, एवढं तरी कराच. कागदपत्रांसाठी हेलपाटे घालायला लावू नका, दाखले मागाहून चालतील असं ठेवा. आणि तो खाड्यांचा नियम आजच काढा. आम्ही मंगळवारचा वर्ग दुपारी नेला, एवढाच बदल. वहीवाली पुढच्या बॅचला आली आणि तिने कोर्स पुरा केला.

त्याआधी त्या सोळा जणींना गाठा. ‘का येत नाही’ विचारलंत तर बिचाऱ्या माफी मागतील. ‘कोणत्या दिवशी अडतं’ असं विचारा. जाताना हजेरीपट सोबत न्या, वार जुळतात का ते तिथेच कळेल.