गावच्या मैदानात ऑर्केस्ट्रा वाजतो तेव्हा ८ इंची स्प्लॅश (ड्रमसेटवरची छोटी झांज) ऐकूच येत नाही. कोणता घ्यावा?

भाऊ, तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमचा सेटअप असा आहे: १६ इंची क्रॅश (मोठी झांज), त्याच्या बाजूला ८ इंची पितळी स्प्लॅश, शेजारी ऑक्टोपॅड (काठीने वाजवायचा इलेक्ट्रॉनिक पॅड), दोन कीबोर्ड, ढोलकी, आणि कार्यक्रम बहुतेक उघड्या मैदानात, म्हणजे भीमजयंती, दुर्गोत्सव आणि लग्नाच्या आदल्या रात्रीचे. या गर्दीत ८ इंची पितळी स्प्लॅश कितीही जोरात मारला तरी मागच्या रांगेपर्यंत जाणार नाही. माझं सरळ मत आहे की १० इंची घ्या, बी २० धातूचा (जवळजवळ काशाचा) घ्या, वजनाने पातळ ते मध्यम-पातळ घ्या, आणि तुमच्या क्रॅशसोबत वाजवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

स्प्लॅशचं काम पटकन फुटायचं आणि पटकन विझायचं. त्यात धातू थोडा, त्यामुळे आवाजाचं आयुष्यही एखाद-दुसऱ्या सेकंदाचं. त्याचा बहुतेक आवाज वरच्या पट्टीत असतो, आणि तुमच्या स्टेजवर तीच पट्टी सगळ्यात भरलेली आहे: उघडी हाय-हॅट (पायाने उघडझाप होणारी झांजांची जोडी), ढोलकीची चाट, कीबोर्डवरचा ब्रास (ट्रम्पेटसारखा आवाज), गायकाचे स, श. वर मैदानात आवाज परतवायला भिंती नाहीत, आणि मंडपाचं कापड वरचे सूर शोषून घेतं. म्हणून खोलीत सराव करताना जो स्प्लॅश कानठळ्या बसवतो, तोच मैदानात गायब होतो.

यावर बहुतेक जण जाड स्प्लॅश घेतात. तिथेच फसगत होते. जाड पत्रा हलवायला जास्त जोर लागतो, आणि हलला तरी ‘छस्स’ न येता ‘टिंग’ येतो. ‘टिंग’ दूर जातो हे खरं, पण मग तो स्प्लॅश राहत नाही, घंटी होते. तुम्हाला घंटीच हवी असेल तर बेल सिंबल वेगळं मिळतं. उलट अगदी कागदासारखा पातळ घेतला तर जोराच्या फटक्याला तो दबतो, आवाज वाढायच्या ऐवजी चेपतो, आणि काही महिन्यांत कडेला चीर जाते. १० इंची स्प्लॅश साधारण २५० ग्रॅमच्या आसपास असेल तर तो या दोन्हींच्या मधला समजा. दुकानात काटा नसला तर शेजारच्या सोनाराकडे तोलून घ्या, लाजू नका. एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या दोन नगांत फरक निघतो आणि तो कानालाही कळतो.

धातूबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण पैसे इथेच वाया जातात. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. बी ८ म्हणजे ९२ टक्के तांबं आणि ८ टक्के कथील. बी २० म्हणजे ८० टक्के तांबं आणि २० टक्के कथील, जवळजवळ आपलं कासंच. फरक समजून घ्यायला दुकानात जायची गरज नाही. घरात तळपायाला तूप चोळायची काशाची वाटी असेल तर ती बोटांच्या टोकांवर तोलून चमच्याने हलकं वाजवा, मग तेवढ्याच आकाराची भंडाऱ्याकडची पितळी वाटी वाजवा. काशाचा सूर उघडा आणि लांबणारा, पितळेचा बसका आणि लवकर मरणारा. स्प्लॅशमध्येही तेच होतं. माइनलची एचसीएस आणि साबियनची एसबीआर या मालिका पितळेच्या आहेत. शिकायला ठीक, मैदानात नाहीत. पाइस्टेची २००२ ही मालिका बी ८ मध्ये असूनही तिचा आवाज गर्दीतून आरपार जातो, म्हणजे फक्त धातूवर सगळं ठरत नाही, घडणही पाहावी लागते. बी २० मध्ये झिल्डजियनचा ए कस्टम आणि साबियनचा एएएक्स हे चमकदार आणि चटकन उघडणारे आहेत. बजेट कमी असेल तर चीनमधल्या वुहान कंपनीचे स्प्लॅशही बी २० चेच असतात. त्यात नगानगात फरक जास्त, म्हणून तीन-चार वाजवून त्यातला एक निवडावा.

आकाराचं गणित सोपं आहे. ६ इंची म्हणजे फक्त चिमूटभर इफेक्ट. ८ इंची चालतो, पण त्याला स्वतःचा माइक हवा. १० इंची ओव्हरहेड माइकवर (सगळ्या ड्रमसेटच्या वर लावलेल्या) निभावतो. १२ इंचीला सर्वात जास्त जोर, पण तुमचा क्रॅश १४ इंची असता तर दोघांचा आवाज एकमेकांत मिसळला असता. तुमच्या १६ इंचीसोबत १२ चालू शकेल. आणखी एक गोष्ट साउंडवाल्याला आधी विचारा: स्पीकर कोणते? लोखंडी भोंगे लावलेले असतील तर त्यांतून अगदी वरचे सूर नीट निघतच नाहीत. तिथे उंच सुराचा ८ इंची आणून उपयोग नाही, थोडा खालच्या सुराचा १० किंवा १२ इंचीच ऐकू येईल.

नागपूरला दुकानात जाल तेव्हा स्वतःचा क्रॅश कापडात गुंडाळून सोबत न्या. तिथला क्रॅश वेगळा असतो, त्यावरून काही कळत नाही. सोबतच्या माणसाला आधी क्रॅश आणि लगेच स्प्लॅश मारायला सांगा, आणि तुम्ही वीस-पंचवीस फूट लांब, शक्य असेल तर दुकानाच्या दाराबाहेर उभे राहा. दोन सूर वेगवेगळे ऐकू आले पाहिजेत. स्प्लॅश म्हणजे क्रॅशचाच लहान तुकडा वाटत असेल तर तो नग सोडा, कितीही गोड असो. मोबाइलवर रेकॉर्ड करून ठरवू नका. मोबाइल मोठा आवाज दाबतो आणि लहान आवाज उचलतो, नेमकी हीच तुलना बिघडते.

जुना घेत असाल तर मधल्या भोकात बोट घालून लटकवा आणि नखाने टिचकी मारा. चिरकी, करकर अशी साथ ऐकू आली की कुठेतरी चीर आहे. कडेवरून बोटाचं टोक फिरवा, बारीक खाच लागते. भोक गोल न राहता एका बाजूला लांबलेलं असेल तर तो स्टँडच्या उघड्या लोखंडावर घासत वाजवलेला आहे.

एक स्वस्त मार्गही आहे आणि तो जोराच्या बँडला खरोखर लागू पडतो. कडेला चीर गेलेला बी २० चा जुना क्रॅश असेल तर त्यातून १० इंची स्प्लॅश कापता येतो. क्रॅश मधे जाड आणि कडेला पातळ असतो, म्हणून आतून कापलेल्या तुकड्याची कड जाड राहते. आवाज कोरडा, उंच आणि टोकदार येतो, नाजूक नाही, पण गर्दी फाडून जातो. चीर मध्यापासून ५ इंचांच्या आत आलेली नसावी, नाहीतर ती नव्या तुकड्यातही राहील. कंपासने वर्तुळ आखून ग्राइंडरच्या पातळ चकतीने थोडं थोडं कापा आणि मधे मधे थंड होऊ द्या. पत्रा निळा-जांभळा झाला की त्या जागचा धातू बिघडला समजा. मग कड २२०, ४००, ६०० नंबरच्या पॉलिश पेपरने गोल करा. कडेवर राहिलेली एक बारीक खाचसुद्धा पुढे चीर होते. गॉगल आणि हातमोजे घातल्याशिवाय हे काम करू नका, आणि ग्राइंडरचा हात नसेल तर लेथवाल्याकडे द्या.

बसवताना खालचा नमदा, प्लास्टिकची नळी आणि वरचा नमदा हे तिन्ही हवेत. पंखा-नट आवळू नका, स्प्लॅश बोटाने मोकळा डोलला पाहिजे. आवळलेला चांगला स्प्लॅशही मेल्यासारखा वाजतो, आणि ‘ऐकू येत नाही’ची निम्मी तक्रार इथूनच येते. वेगळा स्टँड नको असेल तर क्लॅम्पवाला छोटा आर्म क्रॅशच्या स्टँडला लावा. क्रॅशच्या डोक्यावर (मधल्या फुगवट्यावर) उलटा बसवायची पद्धत आहे, पण त्याने क्रॅशचाही आवाज आखडतो. काठी सपाट न आदळता तिच्या खांद्याने, म्हणजे टोकामागच्या निमुळत्या भागाने, तिरपी घासून जाऊ द्या.

वाजवण्याची जागाही बदला. क्रॅशसोबत स्प्लॅश मारलात तर तो जाणारच. गायकाची ओळ संपून पुढची सुरू होण्याआधी जी मोकळी फट असते, तिथे किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) किंवा स्नेअरसोबत (समोरचा करकरीत ड्रम) एकच मारा. ऑक्टोपॅडवाल्याला सांगून त्याच्या पॅडवरचा स्प्लॅश बंद करून घ्या. त्याची लाइन थेट मिक्सरला जाते, त्यामुळे तुमचा खरा स्प्लॅश त्याच्याखाली दबतो.

माइक द्यायचा झाल्यास वरून, साधारण अर्धा फूट उंचीवर, कड आणि डोकं यांच्या मधल्या भागाकडे तोंड करून लावा. अगदी कडेच्या रेषेत ठेवला तर सिंबल डोलताना आवाज कमी-जास्त होतो. मिक्सरवर त्या चॅनलचा लो-कट ४०० हर्ट्झच्या आसपास ठेवायला सांगा, म्हणजे टॉम (बाकीचे खोल आवाजाचे ड्रम) आणि किकचा गोंगाट आत येणार नाही आणि साउंडवाल्याला फेडर (आवाजाची सरकपट्टी) निर्धास्त वर नेता येईल.