मराठी माध्यमातून आलेली मुलगी नर्सिंगला अडते तेव्हा

"मॅडम, बारावीला पोरीला ७६ टक्के होते. नर्सिंगच्या पहिल्याच सेमिस्टरला अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजी राहिली. काढून घेऊ का तिला?"

बदलापूरहून माझ्याकडे परळला आलेली आई विचारत होती. मुलगी मान खाली घालून शेजारी बसलेली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

मी आधी मार्कशीट मागितली. बीएस्सी नर्सिंगला या विषयात, म्हणजे शरीराची रचना आणि कार्य यांत, पास व्हायला ५० टक्के लागतात. अडलं होतं ते फक्त या लेखी पेपरात.

"हृदयातून रक्त कसं फिरतं?" इंग्रजीत दोन ओळी म्हणून ती थांबली, डोळे भरले. म्हटलं, मराठीत सांग. मग तिने उजवीकडून फुप्फुसात, तिथून डावीकडे आणि पुढे अंगभर, असं सगळं नीट सांगितलं. चार झडपांची नावं तेवढी आठवली नाहीत. आई तिच्याकडे बघतच राहिली.

पहाटेची लोकल, वॉर्ड, लेक्चर, रात्री आठला घर. मग बारापर्यंत हायलायटरने ओळी रंगवायच्या. रंगवलेलं पान ओळखीचं वाटतं म्हणून आपल्याला येतंय असं वाटतं, आणि पेपरात समोर कोरा कागद येतो. मी आधी झोप वाढवायला सांगितली: साडेदहाला पुस्तक बंद. "नापास झालेल्या मुलीला अभ्यास कमी करायला सांगता?" आई चिडल्या. पण चार तासांच्या झोपेवर वाचलेलं टिकत नाही. शिवाय सकाळी ही मुलगी पेशंटपाशी उभी असते.

वीस मिनिटं वाचायचं, पुस्तक मिटायचं, आठवेल ते कोऱ्या कागदावर लिहायचं, सुरुवातीला मराठीतसुद्धा. मग तपासून, राहिलेलं लाल पेनाने. दोन दिवसांनी तेच पुन्हा. अवघड शब्द फोडायचे: टॅकी म्हणजे जलद, ब्रॅडी म्हणजे मंद, शेवटी आयटिस दिसलं की दाह. लोकलमध्ये बसायला मिळालं तर वही, नाहीतर मनातल्या मनात. परीक्षा इंग्रजीत, म्हणून शेवटचे तीन आठवडे घड्याळ लावून इंग्रजीतच उत्तरं.

दुसऱ्या खेपेला ती पन्नासच्या जरा वर गेली.

परवा ड्रिपचं गणित घेऊन आली: ५०० मिली सलाईन, ४ तास, १ मिलीला १५ थेंब पाडणारा सेट; मिनिटाला किती थेंब सोडायचे? आधी तासांची मिनिटं करायची विसरली. मी काही बोलले नाही. तिने स्वतःच खोडलं, २४० लिहिलं, खाली मिनिटाला ३१ थेंब. आई या वेळी बाहेर बाकावर बसल्या होत्या.