लाडाची हाक, फिनलंडमध्ये

प्रश्न : आम्ही एस्पोला राहतो. मुलगी चार वर्षांची. पाळणाघराच्या फाटकाशी मी तिला 'पिल्लू' अशी हाक मारली, तर आसपासचे पालक दचकून बघायला लागले. म्हणून फिनिशमध्ये 'पेन्तु' म्हटलं, तर तिथल्या ताई गालातल्या गालात हसल्या. त्या स्वतः मात्र तिला 'मुरु' म्हणतात, म्हणजे चुरा! हे कसलं कौतुक?

उत्तर : आधी 'पिल्लू'चं बघू. नेमक्या याच उच्चाराचा फिनिशमध्ये एक अतिशय असभ्य शब्द आहे. अर्थ इथे छापण्यासारखा नाही. घरात खुशाल म्हणा, बसमध्ये नि फाटकाशी नको. आजी-आजोबा यायचे असतील तर त्यांनाही विमानतळावरच सांगून ठेवा.

'पेन्तु' म्हणजे कुत्र्या-कोल्ह्याचं पिल्लू खरंच, पण माणसाच्या पोराला म्हटलं की त्याला आपल्या 'कार्टं'ची चव येते. ताई हसल्या त्या म्हणून.

'मुरु' मात्र निखळ लाडाचा. पावाचा इवलासा कण, म्हणून लाडका. नवरा-बायकोही एकमेकांना म्हणतात. त्याला 'नेन' जोडून 'मुरुनेन' केलं की आणखी गोड. हा 'नेन' वस्तू लहान करतो : लिन्तु म्हणजे पक्षी, लिन्तुनेन म्हणजे चिमुकला पक्षी. फोनवर 'हेत्किनेन' ऐकलं असेल, म्हणजे 'एक क्षणभर हं'. विर्तानेनसारख्या आडनावांतही तोच आहे, पण तिथे लहानपण कुणाला जाणवत नाही.

'लहान'साठी रोजचे शब्द दोन. 'पिएनि' नुसतं माप सांगतो. 'पिक्कु'त जवळीक असते : पिक्कुसिस्को म्हणजे धाकटी बहीण, 'पिक्कुइनेन' म्हणजे चिमुकली. (नाताळाआधीच्या ऑफिस पार्टीला पिक्कुयोउलु, 'छोटा नाताळ', म्हणतात, खाणंपिणं छोटं नसतं.) पण सहकाऱ्याच्या कामाला 'पिक्कु' लावू नका, ते किरकोळ ठरवल्यासारखं होतं. 'पिक्कुमाइनेन' तर थेट कोत्या मनाचा.

मग चारचौघांत हाक कोणती मारायची? 'सोनू' मारा. फिन्निश आईबापही लेकराला 'कुल्ता', म्हणजे सोनं, म्हणतात, त्यामुळे ताईंना अर्थ एका शब्दात सांगता येईल. पाळणाघरात दर मुलाची 'वासु' म्हणजे संगोपन-शिक्षणाची योजना करतात, तेव्हा पालकांशी बोलणं होतंच. त्या बैठकीत घरातली हाक सांगून ठेवा, म्हणजे लेक रडायला लागली की त्यांनाही ती वापरता येईल.