पर्णकक्षाची गळती आधी तपासा
प्रकाशसंश्लेषण मोजणारे यंत्र शेतात नेल्यावर पहिले पान पकडण्यापूर्वी रिकामा पर्णकक्ष, म्हणजे पान पकडणारी छोटी पेटी, बंद करून तिच्या कडेच्या गॅस्केटभोवती (हवा अडवणाऱ्या मऊ पट्टीभोवती) हलकेच फुंकर घाला. उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड सुमारे ४ टक्के, म्हणजे बाहेरच्या हवेच्या जवळपास १०० पट असल्याने किंचित गळती असली तरी आकडा लगेच उसळतो. त्याच कारणाने, हवा आत घेणाऱ्या नळीपासून स्वतः दूर उभे राहा. कक्षात जाणाऱ्या आणि कक्षातून येणाऱ्या हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या दोन्ही विश्लेषकांची वाचने तापमान बदलताच पुन्हा जुळवून घ्या, कारण पानाने शोषलेला वायू म्हणजे या दोन मोठ्या आकड्यांतील अगदी लहान फरक असतो. काम संपल्यावर कक्षाची पकड सैल ठेवा. दाबून राहिलेले गॅस्केट चपटे होते, आणि नवशिक्यांच्या हातून हीच चूक मी सर्वाधिक पाहिली आहे.