वैयक्तिक पूर्वग्रह आणि सिस्टिमिक रेसिझम (व्यवस्थेत मुरलेला वंशभेद) यांत नेमका फरक काय? माणसं सुधारली की सगळं सुधारेल ना?

प्रश्नाच्या शेवटी ‘माणसं सुधारली की सगळं सुधारेल ना?’ असं विचारलंय, त्यासाठी लिहायला बसलो. नाही, सुधारत नाही. पुण्यात भाडेकरार करून देणाऱ्या कोणालाही विचारा. चांगल्या माणसांच्या हातूनही तोच निकाल लागतो, ही या धंद्यातली रोजची गोष्ट आहे.

वारजे-कर्वेनगर पट्ट्यातली एक सोसायटी घ्या. तिसऱ्या मजल्यावरचा वन बीएचके, भाडं १८,०००, डिपॉझिट ५०,०००. मालकीणबाई निवृत्त, मुलाकडे बाणेरला राहतात. घर बघायला मणिपूरच्या दोघी आल्या. दोघी नर्स, पगार दर महिन्याला खात्यात जमा होणारा. बाईंची काही हरकत नव्हती, उलट ‘नर्स आहेत, अडीअडचणीला शेजाऱ्यांच्याही उपयोगी पडतील’ असंच त्या म्हणाल्या. ५,००० टोकन घेतलं. तीन आठवड्यांनी ते टोकन परत गेलं, आणि या तीन आठवड्यांत ‘तुम्हाला घर देणार नाही’ असं एकाही माणसाने म्हटलं नाही.

झालं ते असं. सोसायटीच्या ऑफिसातून ‘भाडेकरू माहिती फॉर्म’ मिळाला. झेरॉक्सची झेरॉक्स, तिचीही झेरॉक्स. वरचा सोसायटीचा नोंदणी क्रमांक निम्मा कापला गेलेला, अक्षरांच्या कडा विरलेल्या. रकाना ७: पुण्यात राहणाऱ्या दोन नातेवाइकांची किंवा परिचितांची नावं, पत्ते आणि सह्या. रकाना ८: पुण्यातल्या आधीच्या घरमालकाचं पत्र. आणि रकाना ९ च्या शेजारी समासात, पेनने तिरकी लिहिलेली एक ओळ: ‘नॉर्थ ईस्ट, फॉरेनर: मीटिंगमध्ये ठेवणे.’ मूळ कागदावर कोणीतरी पेनने लिहिलं असणार, आता ती ओळही झेरॉक्समध्येच छापून येते. हस्ताक्षर कोणाचं, हे सध्याच्या सेक्रेटरींना ठाऊक नव्हतं. जुन्या वॉचमनला ठाऊक होतं. आधीच्या सेक्रेटरींचं. ते फ्लॅट विकून केव्हाच नाशिकला गेले.

आताचे सेक्रेटरी सज्जन गृहस्थ. त्यांनी फॉर्म नाकारला नाही, फक्त फॉर्मवर लिहिलंय म्हणून मीटिंगसाठी बाजूला ठेवला. मीटिंग महिन्याच्या शेवटच्या रविवारी. त्या रविवारी कोरम झाला नाही. दोघींना हॉस्टेल सोडायची तारीख होती, मालकीणबाईंना रिकाम्या फ्लॅटचा मेंटेनन्स भरावा लागत होता. एजंटने दुसरं गिऱ्हाईक आणलं, नोकरी करणारं सांगलीचं जोडपं. त्यांचा फॉर्म दुसऱ्या दिवशी पास झाला, कारण मामा कोथरूडला आणि मित्र सिंहगड रोडला. दोन सह्या संध्याकाळपर्यंत आल्या.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. नाशिकला गेलेल्या त्या गृहस्थांच्या मनात जे होतं तो पूर्वग्रह. तो त्यांच्याबरोबर गेला. समासातली ओळ मागे राहिली, ती व्यवस्था. आणि ती ओळ खोडली तरी रकाना ७ आणि ८ शिल्लक राहतात. त्यांत कोणाचंच नाव नाही, वंश नाही, प्रांत नाही. तरी ज्यांचे नातेवाईक चार पिढ्यांपासून याच जिल्ह्यात आहेत ते पाच मिनिटांत पार होतात आणि इंफाळहून आलेली मुलगी अडकते. घर मिळालं नाही की ती पीजीत जाते. बरेच पीजीवाले भाडं रोख घेतात, नोंदणीकृत करार करत नाहीत. करार नाही म्हणून इथल्या पत्त्याचा पुरावा नाही, घरमालकाचं पत्र नाही. दोन वर्षांनी ती पुन्हा घर शोधायला निघते तेव्हा रकाना ८ पुन्हा रिकामा. सगळ्यात जास्त नुकसान या चक्राने होतं आणि ते चालू राहायला द्वेष करणारं कोणी लागत नाही.

ओळखायची कसोटी साधी आहे. मनातल्या मनात माणसं बदलून बघा. एजंट, वॉचमन, सेक्रेटरी, मालक यांच्या जागी तुम्हाला माहीत असलेली सगळ्यात भली माणसं बसवा आणि तोच फॉर्म त्यांच्या हातात द्या. निकाल बदलला तर दोष त्या माणसाचा होता. निकाल तोच राहिला तर दोष फॉर्ममध्ये आहे.

हे शब्द जिथून आले त्या अमेरिकेतलं याच धर्तीचं उदाहरण. नॉर्थ कॅरोलायनात ड्रेपर इथे ड्यूक पॉवर कंपनीचं वीजकेंद्र होतं. कृष्णवर्णीय कामगारांना फक्त ‘लेबर’ विभागात ठेवायचे. तिथला सर्वाधिक पगार इतर विभागांतल्या सर्वांत कमी पगारापेक्षाही कमी. नोकरीत वंशभेदाला बंदी घालणारा कायदा २ जुलै १९६५ रोजी लागू झाला आणि त्याच दिवशी कंपनीने वरच्या विभागांत नव्याने घेण्यासाठी हायस्कूल डिप्लोमाच्या जोडीला दोन लेखी परीक्षा लावल्या. अट सगळ्यांना सारखीच. पण तिथल्या कृष्णवर्णीयांना शाळाच वेगळ्या आणि हलक्या मिळालेल्या, आणि त्या विभागांत आधीपासून असलेले डिप्लोमा नसलेले गोरे कामगार काम व्यवस्थित करत होते. १९७१ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हेतू चांगला असला तरी भागत नाही. अट कामाशी संबंधित आहे हे दाखवता आलं नाही आणि परिणाम एकाच गटावर होत असेल, तर ती अट चालणार नाही. रकाना ७ ला हाच प्रश्न विचारायचा: मामाच्या सहीचा आणि वेळेवर भाडं भरण्याचा संबंध काय? बँक स्टेटमेंट मागा, कंपनीचं पत्र मागा. त्याचा संबंध आहे.

घरांचं उदाहरण तर आणखी जवळचं. १९३३ साली अमेरिकन सरकारने गृहकर्जांसाठी एक महामंडळ काढलं. त्याने शहरांचे नकाशे रंगवले, हिरवा, निळा, पिवळा, लाल. कृष्णवर्णीय वस्त्या जवळपास सरसकट लाल, म्हणजे कर्जाला धोकादायक. वस्तीकडे असं बघायची रीत पुढे कर्जव्यवहारात मुरली. खिडकीवरच्या कारकुनाला कोणाचा तिरस्कार करायची गरजच उरली नाही, तो पत्ता बघायचा. घर विकताना-देताना वंशभेद करायला बंदी १९६८ साली आली, पण तोवर एका पिढीने घर घेतलं होतं आणि दुसरीने भाडं भरलं होतं. हा फरक वारशाने पुढे जातो.

आपल्याकडे हे कळायला अमेरिकेला जायलाही नको. १८६८ साली जोतीरावांनी गंज पेठेतला आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. एका घराने पूर्वग्रह पूर्ण टाकला. त्याने शहरातले सार्वजनिक हौद खुले झाले नाहीत, कारण ते कोणा एकाच्या मर्जीवर नव्हते. मग १९२३ साली मुंबई विधिमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले ठराव आला, महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळं कागदोपत्री खुलं केलं. तरी २० मार्च १९२७ पर्यंत अस्पृश्यांना तिथे पाणी पिता आलं नाही. त्या दिवशी बाबासाहेब आंबेडकरांबरोबर जाऊन प्यायले तर लोकांना मार खावा लागला, आणि त्याच वर्षी पालिकेने ठरावच मागे घेतला. तळ्याच्या खटल्यात न्यायालयाचा अंतिम निकाल यायला १९३७ उजाडलं. म्हणजे ठराव करून फायलीत ठेवलेला नियमही पुरत नाही. तो कोण राबवणार आणि मोडला तर काय होणार, हे त्यात लागतं.

म्हणून ‘ओळखी वाढवा, दिवाळीला फराळ द्या, गैरसमज दूर होतील’ हा सल्ला मला पटत नाही. फराळ जरूर द्या. पण कमिटी जेव्हा फॉर्म तसाच ठेवून सलोख्याचा कार्यक्रम घेते, तेव्हा ती स्वतःचं समाधान करून घेत असते.

तुम्ही मालक असाल तर करायचं काय ते सांगतो. आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांसाठीचे नमुना नियम) फ्लॅट लिव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे भाड्याने, द्यायला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही. आठ दिवस आधी कळवायचं, कराराची आणि पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत द्यायची. तुमच्या सोसायटीने कोणते उपविधी स्वीकारलेत ते मात्र आधी बघा. ‘आमच्याकडे नियम आहे’ असं कोणी म्हटलं की ठराव क्रमांक आणि तारीख लेखी मागा. सहकारी संस्था अधिनियमाखाली सभासदाला इतिवृत्त बघण्याचा हक्क आहे. भाडेकरूला नाही, त्यामुळे हे मालकानेच करायचं. बहुतेक वेळा ठराव सापडत नाही, समासातली ओळच सापडते. नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ते शुल्क) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर नाहीत, भाडेकरू कुठलाही असो. करार नोंदवाच. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे ती जबाबदारी मालकाची आहे. वरच्या फ्लॅटला ११ महिन्यांसाठी ०.२५ टक्क्याने मुद्रांक शुल्क साधारण पाचशे रुपये आणि नोंदणी फी १,००० येते. तेवढ्यात भाडेकरूला पत्त्याचा पुरावा मिळतो आणि ते चक्र तिथे तुटतं. तरीही अडवलं तर सहकारी संस्थांच्या आपल्या प्रभागाच्या उपनिबंधकांकडे लेखी तक्रार.

कमिटीत असाल तर वर्षभर एक वही ठेवा: फोन, भेट, फॉर्म, मीटिंग, करार. कोण कुठल्या पायरीवर गळलं ते लिहा. सगळ्यांची चूक होते ती इथे. फक्त मीटिंगमधले नकार मोजतात आणि ‘आम्ही कोणालाच नाकारलं नाही’ म्हणतात. बहुतेक गळती फोनवर होते, आडनाव किंवा उच्चार ऐकून. एजंटकडून फोनची यादी घेतल्याशिवाय वहीला अर्थ नाही.

काही गोष्टी राहिल्या. जात आणि वंश एक नाहीत, इथे यंत्रणा सारखी चालते म्हणून जोडीने लिहिलं. दुसरं, ‘ज्याच्या हातात सत्ता नाही त्याचा द्वेष हा द्वेषच नाही’ असं काही जण म्हणतात, ते मला मान्य नाही. तो पूर्वग्रहच आहे, फक्त त्याने दुसऱ्याचं घर अडत नाही. आणि खासगी मालकाने स्वतःच नकार दिला तर त्याला थेट अडवणारा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. इतकंच काय, सभासदत्व एकाच समाजापुरतं ठेवणारा अहमदाबादच्या पारशी सोसायटीचा उपविधी सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली वैध धरला. त्यामुळे मालकच पूर्वग्रहाचा असेल तर वरचं सगळं उपयोगाचं नाही. तिथे दुसरं घर बघावं लागतं.

त्या सोसायटीत पुढे मालकीणबाईंनीच ठरावाची प्रत मागितली, ती निघाली नाही, आणि नवा एक पानी फॉर्म टाइप झाला: ओळखपत्र, नोकरीचं पत्र, करार, पोलिसांना दिलेली माहिती. तुम्ही असं कराल तेव्हा जुन्या फॉर्मचा फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवरून आणि गेटवरच्या ड्रॉवरमधला गठ्ठा आठवणीने काढून टाका. वॉचमन बदलला की नवा माणूस हाताला लागेल तीच प्रत झेरॉक्सला नेतो.