बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’ नाटकाच्या तिसऱ्या अंकात फुलवाली एलायझा शुद्ध बोलूनही फसते ती का?

कारण तोवर तिला उच्चभ्रू बोली शिकवणाऱ्या ध्वनितज्ज्ञ हिगिन्सने तिचे फक्त उच्चार घासूनपुसून घेतलेत. काय बोलायचं, हे अजून शिकवायचं राहिलंय. हिगिन्सच्या आईकडे ती हवामानाविषयी बोलते ते थेट वर्तमानपत्रातल्या अंदाजासारखं, कमी दाबाच्या पट्ट्यासकट. मग इन्फ्लुएंझाचा विषय निघतो आणि गाडी घसरते: मावशी त्यानं मेली नाही, तिला ‘उडवली’, तिची नवी टोपीही ढापली! स्वर चोख, पण व्याकरण आणि मजकूर लिसन ग्रोव्ह या लंडनच्या गरीब वस्तीतला.

नाटक बसवताना इथेच चूक होते. हशा मिळावा म्हणून नटी पुन्हा कॉकनी, म्हणजे लंडनच्या कष्टकरी वस्तीतला, हेल काढते. तसं केलं की प्रवेश मेलाच. निघताना एलायझा देते ती ‘ब्लडी’ ही शिवीसुद्धा तितक्याच नितळ उच्चारात यायला हवी.

तशी ती पुरती उघडी पडतही नाही. हिगिन्स ‘ही नवी फॅशन आहे’ म्हणून वेळ मारून नेतो आणि पाहुण्यांतली तरुणी क्लारा तीच शिवी हौसेनं उचलते. क्लाराच्या घरी प्रतिष्ठा आहे, पैसा नाही. फॅशनमध्ये मागे पडणं तिला परवडत नाही. शॉची खरी चपराक या घराला आहे.

शिष्टाचाराचं श्रेय मात्र एलायझा पाचव्या अंकात हिगिन्सचा मित्र कर्नल पिकरिंगला देते. पहिल्याच दिवशी तो तिला ‘मिस डूलिटल’ म्हणाला होता. हिगिन्सचे उच्चार निर्दोष, पण वागणं असं की पाहुण्यांच्या दिवशी सख्खी आईच त्याला घरी येऊ नको म्हणते.