खाऱ्या वाऱ्यातला सोलरचा सांगाडा

प्रश्न : घर गुहागरला, समुद्रापासून दीडशे मीटरवर. ३ किलोवॅटच्या सोलरसाठी एकजण तयार जीआय (जस्ताचा थर दिलेला लोखंडी) पाइप सुचवतो, दुसरा 'हॉट डिप' (वितळलेल्या जस्तात बुडवलेला) म्हणतो. तो महाग आहे. एवढा फरक पडतो का?

उत्तर : पडतो. बाजारातल्या १२० ग्रॅमच्या जीआय पाइपवर जस्त दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला १२० ग्रॅम, म्हणजे एका बाजूला जेमतेम ८ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन). शिवाय पाइप कापला, भोक पाडलं, वेल्डिंग केलं की तिथलं जस्त गेलंच. गंज तिथूनच धरतो. तेव्हा आधी सगळं कापून, भोकं पाडून, वेल्डिंग उरकून मगच माल जस्ताच्या कढईत बुडवून घ्या. सरासरी ८० मायक्रॉन थर मागा आणि माल उतरवताना कोटिंग मीटर लावून पाहा. मीटर नसेल तर बोल्टच्या भोकात बोट फिरवा : आतल्या कडेलाही जस्त असलं पाहिजे. कापल्याची उघडी, धारदार कड लागली तर माल परत पाठवा. बंद पाइपला निचऱ्याचं भोक हवंच.

बोल्ट ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे घ्या. त्यातल्या मॉलिब्डेनम धातूमुळे ते खाऱ्या हवेत ३०४ पेक्षा चांगले टिकतात. आवळण्यापूर्वी आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावा, नाहीतर नट मध्येच जाम होतो आणि शेवटी बोल्ट कापावा लागतो.

अर्थिंगची उघडी तांब्याची तार पॅनेलच्या अॅल्युमिनियम फ्रेमला थेट जोडू देऊ नका. ओल मिळाली की अॅल्युमिनियम खाल्लं जातं. कथिल चढवलेला लग (तारेच्या टोकाला बसवायची धातूची टोपी) वापरा.